आमची कोठेही शाखा नाही

घरच्या ग्रुपवर चार दिवस मिसळीवरून भांडणं चाललीयत. कुठल्याशा मसाला कंपनीनं ऑनलाइन पोल काढलाय, पुणे, कोल्हापूर की नाशिक, वर स्लोगन काय तर 'झणझणीत नाती, मराठी माती'. नात्याला काय तर्री असते? पण मावशीपासून भाच्यापर्यंत सगळे लिंक फिरवतायत, अस्मितेचा प्रश्न म्हणे. मी लिहिलं, अरे त्यांना तुमचे मोबाईल नंबर हवेत, मिसळ गेली उडत. २००७ मध्ये ताजमहाल जगातलं आश्चर्य व्हावं म्हणून असेच धडाधड एसएमएस केलेत, आणि युनेस्को तेव्हाच सांगत होती की आमचा याच्याशी संबंध नाही.

इकडे इंग्लंडात लोक पोलची मजा घेतात. २०१६ ला एनईआरसीनं (पर्यावरण संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, ऑफिस आमच्या स्विंडन गावातच) ध्रुवाकडं जाणाऱ्या नव्या संशोधन जहाजाला नाव सुचवा म्हटलं, तर पब्लिकनं निवडलं 'बोटी मॅकबोटफेस', म्हणजे आपल्याकडं 'होडोबा होडके' ठेवल्यासारखं. १,२४,१०९ मतं! जहाज वीस कोटी पाउंडांचं. सरकारनं शेवटी सर डेव्हिड ॲटनबरो नाव दिलं आणि बोटी हे नाव त्याच्यावरच्या बिनमाणसाच्या छोट्या पाणबुडीला चिकटवलं. कुणाची अस्मिता दुखावली नाही, असं मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच टाकलं. आता इथलं टेस्को सुपरमार्केटही १९९३ पासून 'एव्हरी लिटल हेल्प्स' (थोडीशी मदतही कामाची) हे स्लोगन मिरवतंय आणि त्यांचं क्लबकार्ड नसेल तर सँडविच-ड्रिंकचं मील डील महाग पडतं, पण ते वेगळं.

यावर आतेभावाचं एका ओळीचं उत्तर, "तू नकोच देऊस मत, आमची कोठेही शाखा नाही."

पुण्यातल्या दुकानांवरची ही पाटी मी इथल्या ऑफिसात कितीदा ऐकवलीय, जगातलं एकमेव प्रामाणिक स्लोगन म्हणून. स्वतःवर आली तेव्हा लागली. चुकीचं काय बोलला तो? ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तेव्हाच तिकडचं मत गेलं, लोकसभेचं नाही की साध्या ग्रामपंचायतीचं नाही.

रात्री साडेबाराला गुपचूप लिंक उघडली. मोबाईल नंबर मागितला, दिला. पिनकोडला स्विंडनचा एसएन१ काही घेईना, सहा आकडेच हवेत, मग बोटांनी आपोआप पुण्याचा ४११०३० टाकला. घेतला लगेच. मत रागारागात कोल्हापूरला दिलं, आणि पाच मिनिटांनी बायकोच्या फोनवरून पुण्याला.