हिरव्या खुणेवर श्रद्धा ठेवावी

घरच्या संगणकासाठी इन्क्रिमेंटल बॅकअपचे, म्हणजे दर वेळी फक्त बदललेल्या भागाची प्रत घेणारे, सॉफ्टवेअर निवडताना सुजाण वाचकाने सर्वप्रथम त्याची बरोबरची खूण पाहावी. ती ठसठशीत हिरवी असेल आणि शेजारी ‘तुमचा डेटा सुरक्षित आहे’ असे लिहून येत असेल, तर पुढे चौकशी करणे हा त्या खुणेचा अपमान आहे. गेल्या दिवाळीपर्यंत मी या एकाच निकषावर अत्यंत सुखाने नांदत होतो.

सॉफ्टवेअर मोफत असावे. मात्र बॅकअप घेणे तेवढे मोफत की तो परत मिळवणेही मोफत, असला कोता प्रश्न विचारू नये.

बॅकअपची हार्ड डिस्क बारा महिने संगणकाला जोडलेलीच ठेवावी. 2017 साली वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या फायलींना कुलपे घालून खंडणी मागितली, तेव्हापासून या जातीच्या पाहुण्यांची सोय पाहणे आपले कर्तव्य ठरते. मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच फेरीत सापडली की त्यांचीही दगदग वाचते.

रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअप-सॉफ्टवेअरांच्या वाटेला जाऊ नये. साठवलेली प्रत पुन्हा वाचून तपासण्याची आज्ञा त्यांत असते, आणि स्वतःच्याच कामावर संशय घेणारे सॉफ्टवेअर संसारी घरात शोभत नाही.

प्रतींची साखळी मात्र जितकी लांब तितकी उत्तम. पहिल्या दिवशी सगळ्याची पूर्ण प्रत आणि नंतर रोज केवळ आदल्या दिवसापासून बदललेला भाग, अशी ही काटकसरीची रचना असल्यामुळे मंगळवारची प्रत सोमवारच्या आणि सोमवारची रविवारच्या खांद्यावर उभी असते. डिफरेन्शियल प्रकारात प्रत्येक प्रत थेट पहिल्या पूर्ण प्रतीवर टेकते, पण तिला जागा जास्त लागते, म्हणून ती उधळ्यांना सोडावी. मी पाडव्याला पूर्ण प्रत घेतली आणि दिवाळीच्या तोंडावर माझ्या साखळीला 198 कड्या झाल्या होत्या. मे महिन्यातल्या एका शनिवारी, एकेचाळिसावी कडी लिहिली जात असताना, वळवाच्या सरीसरशी इंदिरानगरची वीज गेली. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरने काहीच न घडल्यासारखी बेचाळिसावी कडी त्या अर्धवट कडीला जोडली आणि हिरवी खूण उमटवली. पुढेही रोज उमटवली. ऑक्टोबरात संगणकाची डिस्क गेली, मी निर्धास्तपणे रिस्टोअरचे बटण दाबले, आणि चाळिसाव्या कडीनंतर पट्टी जी थांबली ती हललीच नाही. त्या अर्धवट कडीपुढच्या 157 कड्या बॅकअपच्या डिस्कवर जागा अडवून बसल्या आहेत आणि त्यांतली एकही उघडत नाही. आषाढात आईकडून म्हणवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांतच आहेत.

मदतकेंद्राने फार सभ्यपणे कळवले की, ‘आपण अधूनमधून साखळी पडताळून पाहायला हवी होती.’ अहो, मग ती हिरवी खूण कशाची होती? प्रत लिहायला घेतली, एवढेच जर तुम्हाला ठाऊक असेल, तर तेवढेच लिहा. ती एकदाही वाचून न पाहता माणसाला ‘सुरक्षित आहे’ म्हणून रोज झोपवता, याची लाज वाटत नाही? महिन्याला एक नवी पूर्ण प्रत आणि आठवड्याला एक पडताळणी आपोआप लावून द्यायला तुमचे काय जाते? ती सोय तुमच्याकडे आहे, पण पाच पडदे ओलांडून ‘प्रगत’ या नावाखाली, आणि मुळातच बंद करून ठेवलेली.

आणि तुम्हीही हसू नका. तुमच्या बॅकअपमधला एक तरी फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून, त्यातली फाइल उघडून तुम्ही कधी पाहिली आहे? नसेल, तर तुमच्याकडे बॅकअप नाही, माझ्यासारखी जाडजूड काळी डबी आहे. उठा आणि आत्ता पाहा.

माझी मेलेली डिस्क एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याकडे आहे. त्याने ती माझ्या कानाला लावून आतली टकटक ऐकवली होती. दर शनिवारी मी फोन करतो, आणि दर शनिवारी तो म्हणतो, ‘बघतो साहेब.’