घरातल्या एकानेच का बदलायचं?

ऑटिझम (संवादाची आणि संवेदनांची वेगळी घडण) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं) यांचा विषय निघाला की मायदेशी दोन बाजू लगेच उभ्या राहतात. एक म्हणते, ही परदेशातली नवी थेरं, आमच्या वेळी मुलं अशीच मोठी झाली. दुसरी म्हणते, लवकर थेरपी लावा, शाळेत जायच्या आत मूल 'नॉर्मल' दिसलं पाहिजे. इंग्लंडमध्ये राहून हे ऐकताना मला खटकतं ते हे, की बदलायचं ते वेगळ्या वाटणाऱ्या त्या एकानेच, असं दोन्ही बाजू गृहीत धरतात.

इथे न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूंची वेगवेगळी घडण हा दोष नव्हे, असं मानणारे थेरपिस्ट सुरुवातच वेगळी करतात. समजा, नवरा ऑटिस्टिक आहे, बायको नाही. कामावरून आल्यावर तो तासभर बोलत नाही; तिला वाटतं, याला माझी पर्वाच नाही. ती रागाने 'काही नाही' म्हणते, तेव्हा त्याला खरंच काही नाही असं वाटतं. जुन्या वळणाचा समुपदेशक त्याला नजरेला नजर द्यायला शिकवेल. इथे काम दोघांना मिळतं. शांतता हवी आहे हे तो आधी सांगतो, ती आडून न सुचवता सरळ बोलते, भांडण तापलं तर उरलेलं दोघं लिहून कळवतात. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये हेच मांडलं होतं: न समजणं दोन्हीकडून असतं.

मुलांच्या बाबतीत तर मला याची फार निकड वाटते. सतत 'नॉर्मल' दिसण्याची धडपड, म्हणजे मास्किंग, आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. ऑटिस्टिक मुलाचं स्वतःला शांत करण्यासाठी हात हलवणं बंद झालं म्हणून थेरपी यशस्वी, असं कुणी सांगितलं की मला भीती वाटते.

तरी इंग्लंडचा कित्ता जसाच्या तसा गिरवू नये. ऑटिझमची तपासणी १३ आठवड्यांत सुरू व्हावी अशी इथली मार्गदर्शक सूचना आहे. प्रत्यक्षात अनेकांची वर्षं जातात. 'काउन्सेलर', 'सायकोथेरपिस्ट' ही नावंही कायद्याने राखीव नाहीत, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. आणि स्वीकार म्हणजे अडचण नाकारणं नव्हे. झोप, बोलणं, पैशांचा हिशोब यांत मदत लागतेच. जोडीदाराचा थकवाही खरा असतो.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला स्थान दिलं आहे, एडीएचडी मात्र २१ प्रकारांच्या त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. यादी वाढायला हवीच. पण आपल्याकडे निर्णय आजी, काका, आत्या मिळून घेतात. मग त्यांनाही थेरपिस्टसमोर बसवा. इंग्लंडमध्ये बऱ्याचदा माणूस एकटाच जातो.

स्थळं बघताना 'ऑटिझम-एडीएचडीचं निदान लपवा' असा सल्ला अजूनही दिला जातो. मला तो क्रूर वाटतो. ज्याच्यासोबत आयुष्य काढायचं, त्याच्यासमोरच रोज मुखवटा घालून वावरायचं, आणि त्या दुसऱ्याला तर आपण कशाला होकार दिला हेही ठाऊक नसतं.