पहिल्या ग्राहकाकडून पैसे का घ्यावेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नोकरी सांभाळून स्वतःचे पहिले सॉफ्टवेअर बाजारात आणणाऱ्याने ते पहिल्या दिवसापासून विकतच द्यावे, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. भारतातला छोटा व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजत नाही, म्हणून आधी वर्षभर फुकट देऊन माणसे जोडावीत, हा पहिला. अपुऱ्या मालाचे पैसे घेणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, हा दुसरा. आणि नोकरीत असताना असा व्यवहार करणे धोक्याचे आहे, हा तिसरा. यांतला तिसरा मला पूर्ण मान्य आहे, पहिले दोन नाहीत. आपण वेळ काढून मुद्देसूद लिहिले आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

छोटा व्यावसायिक पैसे मोजत नाही, या समजुतीला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा इतिहास छेद देतो. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या धंद्याच्या हिशेबाला जुळेल असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी ते आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, लिहायला सांगितले. १९८६ साली डॉसवर (त्या काळच्या संगणकांच्या कार्यप्रणालीवर) चालणारी जी पहिली आवृत्ती आली, तिच्यात केवळ प्राथमिक हिशेबाची सोय होती. तिथून सुरू झालेले हे सॉफ्टवेअर पुढे आडत दुकानापासून सीएच्या कार्यालयापर्यंत पोहोचले. त्याच्या चोरट्या प्रतीही भरपूर फिरल्या, हे मी नाकारत नाही. पण परवाना विकत घेणारेही तेच दुकानदार आणि तेच कारखानदार होते, ज्यांच्याबद्दल आपण ‘कधीच पैसे देणार नाहीत’ असे लिहिले आहे.

फुकट देण्याला माझा विरोध आहे, तो मिळकत बुडते म्हणून नाही. फुकट दिले की खरे बोलणे कानावर येत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये दहावीचे खासगी क्लास चालवणाऱ्या एका सरांना मी फी नोंदवण्याचे सॉफ्टवेअर दाखवले होते. किंमत सांगितली नव्हती तोवर ‘छान आहे, बघतो वापरून’ एवढाच त्यांचा अभिप्राय होता. वार्षिक शुल्काचा आकडा कानावर पडताच त्यांनी टेबलाच्या खणातून वही काढली, एक पान उघडून माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, ‘हे बसतं का तुमच्यात?’ त्या पानावर दोन भावांची नावे एका कंसात होती. दोघांची मिळून एकच ठरवलेली फी, थोरल्याची मागच्या वर्षीची बाकी तीत धरलेली, निम्मी रक्कम वडिलांनी रोख दिल्याची नोंद, आणि समोर पेन्सिलीने ‘उरलेले बोनस झाल्यावर’ असा शेरा. एका विद्यार्थ्यामागे एक फी आणि ठरलेल्या तारखांचे हप्ते, अशी कोणाही प्रोग्रामरला सहज सुचणारी रचना त्या पानापुढे टिकत नव्हती. पुढे कुटुंबागणिक खाते ही कल्पना त्या पानातूनच आली. ते पान सरांनी आधी का दाखवले नाही? धर्माची गाय मिळाल्यावर दात कोण पाहतो! स्वतःच्या खिशातून पैसे जायची वेळ आली की माणूस आपली गरज स्पष्ट बोलतो, आणि पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्याला त्या बोलण्याची गरज सर्वांत जास्त असते.

शिवाय फुकट वापरणाऱ्याचाही मदतीसाठी फोन येतोच. नोकरदाराकडे संध्याकाळचे दोन-तीन तास असतात. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी कंपनी हजारो लोकांना फुकट सांभाळू शकते, एकटा माणूस नाही.

फसवणुकीचा आक्षेप गंभीर आहे, आणि वचन मोठे व माल तोकडा असेल तर तो खराच आहे. म्हणूनच वचन लहान ठेवावे. केवळ फीची पावती देणारे सॉफ्टवेअर विकायचे असेल तर ती पावती एकदाही चुकता कामा नये. हजेरी आणि निकाल त्यात नाहीत, हे पैसे घेण्याआधी सांगावे आणि न पटल्यास रक्कम परत करावी. बफर या, सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरवलेल्या वेळी टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण मी मागील लेखात याचसाठी दिले होते. त्याचे संस्थापक जोएल गॅस्कॉइन यांनी २०१० मध्ये आधी संकेतस्थळावर केवळ माहितीचे पान केले. पुढे जाणाऱ्याला ‘अजून तयार नाही, ईमेल द्या’ असे स्पष्ट सांगितले. मग त्यांनी मध्ये किमतीचे पान घातले आणि किंमत पाहूनही लोक पुढे येतात का, हे तपासले. त्या टप्प्यावर एक पैसाही घेतला नव्हता. ३० नोव्हेंबरला केवळ ट्विटरपुरती आवृत्ती खुली झाली आणि चौथ्या दिवशी पैसे देणारा पहिला ग्राहक मिळाला. यात फसवणूक कुठे आहे, हे आपण जरूर सांगावे.

भारतात पैसे घेणे अवघड आहे, असे आपण म्हटले असते तर मी मान्य केले असते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दरमहा आपोआप रक्कम वळती करण्यासाठी ग्राहकाने आधी पडताळणीसह नोंदणी करावी लागते, आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी त्याला सूचना जावी लागते. ग्राहकाच्या हिताच्या दृष्टीने हा नियम मला योग्यच वाटतो. मात्र परदेशी लेख वाचून मासिक सबस्क्रिप्शन आखणाऱ्या नवख्याची यात दमछाक होते. वर्षाची रक्कम एकदाच यूपीआयने घ्यावी; क्लासच्या सरांनाही तेच सोयीचे वाटते.

राहिला नोकरीचा प्रश्न, आणि तिथे आपला इशारा मला मोलाचा वाटतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. आणि संगणक प्रोग्रामही या कायद्यात साहित्यकृतीतच मोडतो. अनेक नेमणूकपत्रे याहून पुढे जाऊन कोणत्याही इतर व्यवसायावर बंदी घालतात. पैसे घेतले की छंद म्हणून सांगण्याची सोय उरत नाही, ही माझ्या सल्ल्याची खरी किंमत आहे. म्हणून नेमणूकपत्र आधी नीट वाचावे, कंपनीचा लॅपटॉप या कामाला लावू नये आणि परवानगी लेखी घ्यावी. ती मिळेपर्यंत संकेतस्थळाच्या पानावर किंमत लिहून इच्छुकांची नावे नोंदवण्यास हरकत नसावी, पण व्यवहार सुरू करू नये.