‘डोळ्यानं तारलं’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, अभिनेत्री ललिता पवारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं असं: लेख लांबला, सनावळ्या फार झाल्या, त्या काळी स्पर्धाच नव्हती; आणि वर हे: ‘बाईंना अभिनयानं नाही, बिघडलेल्या डोळ्यानं तारलं. खाष्ट सासूला लागतं काय? डोळा बारीक केला, आवाज चढवला, झालं. झाडीपट्टीच्या मंडपात बसून सिनेमा समजत नसतो.’

लेख लांबला, कबूल. दोन परिच्छेद सहज कापता आले असते. सनावळ्या मात्र राहतील, नको असतील त्यांनी ओलांडून जावं.

मंडपाचं आधी बोलू. झाडीपट्टी म्हणजे आमचा पूर्व विदर्भातला, रात्रभर मंडपात नाटक बघणारा मुलूख. टोपणनावाआड बसून त्या आख्ख्या मुलखाला अडाणी ठरवायचं, ही कुठली रीत? मतभेद असू द्या, पण बोलायची काही पद्धत असते की नाही? परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी. आमच्या घरात वडशाच्या नाटक मंडळींचे चेहरे रंगवायचं काम दुसऱ्या पिढीत चालू आहे. सासू कशी उभी राहते हे मला कुणी शिकवू नये.

आता डोळा. १९४२ साली चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचारांत तीनेक वर्षं गेली आणि डावा डोळा बारीक राहिला. हे सगळ्यांनाच पाठ आहे. पण १९१६ साली येवल्यात जन्मलेली ही बाई मूकपटापासून कामं करत होती, १९३०च्या दशकात नायिका होती. डोळ्यानं आधी ते नायिकापण हिरावलं, हे तुमच्या हिशेबात कुठं येतं? पुढं १९५० साली ‘दहेज’मधली सासू केली तेव्हा वय जेमतेम चौतीस. ‘अनाडी’त (१९५९) मायाळू घरमालकीण मिसेस डिसा झाल्या, समोर राज कपूर, त्यांच्याहून बाई आठच वर्षांनी मोठ्या, त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. डोळा दोन्हीकडे तोच. एकीकडे त्याची धास्ती वाटते, दुसरीकडे तीच बाई माय वाटते. डोळाच सगळं करत असता तर ‘रामायण’ मालिकेतली मंथरा तेवढी जमली असती, माय नाही.

‘आवाज चढवला, झालं.’ चढवून बघा बाप्पा एकदा! आमच्याकडे माइक रंगमंचावर वरून टांगलेले असतात. नेमकं त्याखाली उभं राहून गळ्यातून ओरडलं की आवाज फाटतो. पुढच्यांना खरखर ऐकू येते, मागच्यांना शब्दच कळत नाही. दोन माइकांच्या मधोमध बोललं तर वाक्याची शेपटी गळते, आणि सासूचा टोमणा त्या शेपटीतच असतो. म्हणून जाणती बाई चालता चालता बोलत नाही. माइकच्या हातभर अलीकडे थांबते, पोटातून श्वास घेते, वाक्य मधल्या पट्टीत उचलते आणि टोमण्याच्या शब्दावर आवाज वाढवायचं सोडून खाली आणते, सावकाश टाकते. नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं, त्यात पौषाची थंडी. पहिल्या अंकात किंचाळणाऱ्या सासूचा गळा तिसऱ्यात बसतो, आणि तिचा खरा प्रवेश शेवटच्या अंकात असतो.

शिवाय प्रॉम्प्टर. तालमी मोजक्या, त्यामुळे पुढचं वाक्य विंगेतून येतं. सासूला सुनेकडे बघत नुसतं गप्प राहायचं असेल तर संहितेत त्या जागी आधीच फुली मारून घ्यावी लागते. नाहीतर बाई वाक्य विसरली असं समजून तो जोरात सांगतो, माइक ते पकडतो आणि धाकाच्या जागी हशा पिकतो.

चेहऱ्याचंही तेच. पंचविशीच्या मुलीला साठीची करताना मनानं रेघा ओढत नाहीत. तिला आठ्या घालायला लावायच्या, जिथं पडतात तिथंच तपकिरी पेन्सिल, तिच्या कडेला फिकट रंगाची बारीक रेघ, मग बोटानं कड मोडायची. केसांना झिंक पावडर कोरडी लावली तर पदर सरकताच खांद्यावर भुकटी दिसते. थोड्या तेलात कालवून जुन्या टूथब्रशनं कानशिलाजवळच्या बटांवर तेवढी ओढायची. मान आणि हात विसरलात तर तोंड साठीचं, हात विशीचे. एवढं करून मागच्या माणसाला डोळा दिसतच नाही! त्याला दिसते हनुवटी, मानेचा झटका, पदर खोचायची गती. बाईंचं कुठलंही काम टीव्हीचा आवाज बंद करून बघा. या तिन्ही गोष्टी जागच्या जागी सापडतील. आणि डोळा, तो कॅमेरा जवळ आला तरच.

राहिली स्पर्धा. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचना, लीला मिश्रा या काय घरी बसल्या होत्या? जास्त लिहीत नाही.

खऱ्या नावानं लिहिलंत तर पुढचं बोलू. टोपणनावाच्या प्रतिक्रिया यापुढं इथं घेणार नाही.