नेपोलियन बिनविरोध

जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' नववीच्या वर्गाला शिकवायचं तर शिक्षकाने एकच पथ्य पाळायचं असतं. मालकाला हाकलून प्राणी शेत ताब्यात घेतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात, ही रशियन क्रांतीवर बेतलेली गोष्ट रशियाच्या हद्दीबाहेर येऊ द्यायची नाही. झार, लेनिन, स्टालिन, ट्रॉट्स्की ही मंडळी कधीच गेली. त्यांच्यापैकी कोणी आपल्या संस्थेच्या संचालक मंडळावर नाही, कोणाचा पुतण्या आपल्या वर्गात बसत नाही. त्यांना डुक्कर म्हटलं तरी कोणाच्या भावना दुखावत नाहीत. पुण्या-मुंबईत हे पथ्य सोपं जात असेल. आमची शाळा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आहे. इथे पोरांना बैल, कोंबड्या, मेंढरं, सोसायटीची निवडणूक आणि पवनचक्की हे सगळं घरचं. पुस्तकात तरी दुसरं काय आहे? त्यांना नवीन होता तो फक्त रशिया.

पुस्तक शाळेत आलं ते भेट म्हणून. गावचेच एक गृहस्थ पुण्यात स्थिरावले, त्यांनी पोरांचं इंग्रजी सुधारावं म्हणून प्रतींचा गठ्ठा पाठवला. मुखपृष्ठावर हिरवं शेत, लाकडी कुंपण आणि एक गुटगुटीत डुक्कर. संस्थेच्या अध्यक्षांनी प्रत हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "शेतीवरचं दिसतं. शिकवा, शिकवा. नाहीतरी आताच्या पोरांना शेतीची गोडी राहिली नाही." ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तक 'कृषी व पशुपालन' या सदरात चढलं. मी गप्प बसलो. अध्यक्षांची फार चूक होती असंही नाही. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने याच पुस्तकाचं हस्तलिखित, प्राण्यांच्या गोष्टी आमच्याकडे खपत नाहीत, असं कळवून परत धाडलं होतं. जे न्यूयॉर्कला चाललं ते साक्रीला का चालू नये?

"सर, परीक्षेला आहे का?"

"नाही."

निम्म्या वर्गाने पुस्तकं मिटली.

"डुकरांची गोष्ट आहे," मी घाईघाईने म्हणालो. पुस्तकं उघडली.

लेखकाची ओळख करून देताना मी सांगितलं की ऑर्वेलचा जन्म १९०३ सालचा, बिहारमधल्या मोतिहारीचा. "म्हणजे बिहारी ना सर?" मी म्हणालो, इंग्रज. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. यावर वर्ग एकदम सावरून बसला. सरकारचं अफू खातं? सरकारी नोकरी? पेन्शन होती का? एका पोराने तर असं खातं पुन्हा सुरू झालं तर भरतीला शिक्षण किती लागेल तेही विचारलं. लेखक-परिचयाचा तास अफूतच गेला.

मी रात्र जागून फळ्यावर काढायला तक्ता तयार केला होता. एका बाजूला फार्मचा मालक मिस्टर जोन्स, नेपोलियन आणि स्नोबॉल ही दोन पुढारी डुकरं, दुसऱ्या बाजूला झार निकोलस, स्टालिन, ट्रॉट्स्की, मध्ये बाण. पोरांनी तो इमानदारीने उतरवून घेतला आणि लगेच विसरून मूळ हिशेबाला लागली. म्हातारा मेजर हा डुक्कर बारा वर्षांचा? इतकी वर्षं मालकाने त्याला पोसला कशाला? परवडलं कसं? बॉक्सर घोडा जवळपास अठरा हात उंच, म्हणजे इंग्रजी हाताच्या मापाने खांद्यापाशी सहा फुटांच्या आसपास, हे सांगितल्यावर ज्याचा मामा दत्तजयंतीला न चुकता सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो तो पोरगा उभा राहिला. त्याचं म्हणणं, बॉक्सरला बाजारात गिऱ्हाईक नाही. ओझ्याच्या घोड्याला विचारतं कोण? भाव यायचा तर त्या मोलीला. पांढरी, देखणी, रिबिनीची हौस असलेली. "ती पळून गेली ते बरोबर केलं सर. इथे राहून काय, विटा वाहायच्या?" क्रांतीशी गद्दारी करणाऱ्या उच्चभ्रू वर्गाचं प्रतीक म्हणून मी तिच्यापुढे बाण काढला होता. तो तसाच फळ्यावर लोंबत राहिला.

सगळ्यात जास्त छळलं ते मेंढरांनी. आमच्याकडे मेंढपाळांची पोरं शाळेत आहेत. पावसाळा सरला की घरचे मेंढरांचे वाडे घेऊन चराईला बाहेर पडतात आणि पोरं नातेवाइकांकडे राहून शिकतात. त्यातल्या एका पोरीला पुस्तकातली मेंढरं मूर्ख दाखवली आहेत हे मुळीच पटलं नाही. मेंढरू पुढच्याच्या मागे चालतं हे खरं, पण म्हणून तर कळपाच्या पुढे बकरी घालतात, ती वाट काढते. या फार्मवर म्युरिएल नावाची बकरी आहे, तिला वाचताही येतं, मग तिला पुढे का घातली नाही? आणि स्क्वीलर हा डुक्कर सगळी मेंढरं आठवडाभर लांबच्या पडीक रानात नेऊन ठेवतो तेव्हा रात्रीची राखण कोणी केली? लांडग्याचं काय? "डुकराच्या भरवशावर वाडा कोण सोडतं सर?" मी सांगितलं की तो त्यांना तिकडे नवीन घोषणा पाठ करून घ्यायला नेतो. ती जराशी थांबली. "मग सांभाळलं असेल. मतदानापर्यंत सांभाळतातच."

इथून गोष्ट रशियातून निघाली.

'कॉम्रेड' शब्दासाठी मी अर्धं पान टिपण काढलं होतं. गरजच पडली नाही. पाड्यावरची निम्मी पोरं आईबापाबरोबर वनहक्काच्या मोर्चाला धुळ्यापर्यंत पायी जाऊन आलेली. कॉम्रेड म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावलं. रविवारची सभा, ठराव, हात वर करून मतदान हे तर पाठच होतं. "सर, ही आपली सोसायटी आहे!" आधी सगळे सभासद सारखे, मग डुकरांचं संचालक मंडळ, मग सभाच बंद आणि निर्णय नोटीस बोर्डावर. पुढे फार्मचं प्रजासत्ताक होतं, अध्यक्षपदाची निवडणूक लागते आणि एकच उमेदवार उभा असतो, हे वाचल्यावर मी इंग्रजी वाक्याचा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बिनविरोध!" शब्दार्थ न सांगता वर्गाला कळलेलं, माझ्या नोकरीतलं ते पहिलं इंग्रजी वाक्य असावं.

दूध आणि सफरचंदांचं प्रकरण मी शक्य तितक्या वेगाने उरकणार होतो. डुकरं सगळं दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवतात आणि स्क्वीलर सगळ्यांना पटवून देतो की आम्हाला हे आवडतच नाही, पण डोक्याचं काम आहे, तुमच्यासाठी खावं लागतं. पाठीमागून आवाज आला, "सर, शाळा समितीच्या मीटिंगला काजू कोणासाठी येतात?"

"पाहुण्यांसाठी."

"तुम्ही पण खाता ना?"

"दिले तर घ्यावे लागतात. नाही म्हटलं तर बरं दिसत नाही," मी म्हणालो. वर्गात जे हसू पसरलं त्याचा अर्थ मला जरा उशिराने लागला.

पवनचक्कीच्या प्रकरणाला मी खिडक्या लावून घ्यायला हव्या होत्या. आमच्या वर्गातून ब्राह्मणवेलच्या बाजूचं पठार दिसतं. त्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत, पांढऱ्या, तीन पात्यांच्या, वारा असला की दिवसभर गरगरत. पुस्तकात स्नोबॉल सांगतो की पवनचक्की झाली की गोठ्यात दिवे लागतील, गरम-गार पाणी येईल, आठवड्यातले तीन दिवसच काम. जनावरं रक्त आटवतात. चक्की एकदा वादळात पडते, एकदा शत्रू सुरुंगाने उडवतो, पुन्हा बांधतात. शेवटी ती पूर्ण होते तेव्हा तिच्यावर वीज तयारच होत नाही. धान्य दळतात आणि पैसे करतात. हे वाचून झालं आणि पठाराच्या पायथ्याच्या गावची एक पोरगी खिडकीकडे बोट करून म्हणाली, "सर, ह्या बी फिरतस. मंग लाईट कथा जास?"

तिच्या घरी कांद्याला पाणी भरायचं तर एक आठवडा दिवसा थ्री फेज, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला बाप बॅटरी घेऊन शेतात जातो, बिबट्याच्या भीतीने मोबाईलवर गाणी लावून. मी तिला ग्रीड म्हणजे काय, वीज एकत्र कशी जाते, तिथून कशी वाटली जाते, हे व्यवस्थित समजावून सांगितलं. आकृती काढली. पंचवार्षिक योजना आणि स्टालिनचं औद्योगिकीकरण यांच्याशी जोडून पुन्हा रशियात आणून सोडलं. ती शांतपणे ऐकत होती. मग शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटली. शेजारीण खुदकन हसली आणि मला फक्त 'स्क्वीलर' एवढं ऐकू आलं.

बॉक्सरचा शेवट पोळ्यानंतरच्या आठवड्यात आला. म्हातारा, थकलेला घोडा, त्याला दवाखान्यात नेतो म्हणून गाडीत घालतात. गाडीवर खाटकाचं नाव असतं, ते बेंजामिन गाढव मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही दिवसांनी डुकरांच्या घरी व्हिस्कीची पेटी येते. "घोडाले ईकी टाकं?" कोणीतरी विचारलं, कोणाला असं नाही. पहिल्या बाकावरच्या एकाने सांगितलं की त्यांच्याकडे गेल्या वर्षी पोळ्याला बैलजोडीची शिंगं रंगवली, झुली घातल्या, पुरणपोळी खाऊ घातली आणि दिवाळीआधी छोटा ट्रॅक्टर आला म्हणून जोडी विकली. "तुझ्या बापाने पेटी आणली का रे?" मागून एकाने डिवचलं. तो म्हणाला, "ताईच्या नर्सिंगची फी भरली." मी पान उलटलं.

मग भिंती बोलायला लागल्या. पुस्तकात सात नियम भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेले असतात आणि डुकरांना अडचण आली की रातोरात एखाद-दुसरा शब्द वाढतो. कोणत्याही प्राण्याने गादीवर झोपू नये, त्यापुढे 'चादर घालून' लागतं. दारू पिऊ नये, त्यापुढे 'प्रमाणाबाहेर'. आमच्या फाटकावर जुनी पाटी आहे, 'आवारात वाहने उभी करू नयेत'. तिच्याखाली बरोबर अध्यक्षांची गाडी असते. एका सोमवारी पाटीच्या सुरुवातीला खडूने 'विनाकारण' आलं. मंगळवारी 'शाळेच्या परिसरात तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करू नये' या पाटीत 'प्रमाणाबाहेर' आलं, आणि आमचे क्लार्क गालातला ऐवज तसाच ठेवून तिच्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. चौकशी बसली. मराठीच्या बाईंनी शेरा दिला की अक्षर गिचमिड आहे, पण ऱ्हस्वदीर्घ बिनचूक, त्यामुळे यात इंग्रजीच्या सरांचा हात नसावा. पोरांचं उत्तर ठरलेलं होतं. स्नोबॉलने लिहिलं. पुस्तकात नेपोलियन स्नोबॉलला हाकलून देतो आणि पुढे फार्मवर काहीही बिघडलं की त्याच्याच नावावर खपवतात. त्या पंधरवड्यात टाकीचं पाणी स्नोबॉलने सांडलं, घंटा स्नोबॉलने उशिरा दिली, गृहपाठाच्या वह्याही त्यानेच पळवल्या. नवल काय, आमच्या ऑफिसातही जुनं दप्तर सापडेना की मागच्या क्लार्कचं नाव निघतं.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "अहो सर, हे शेतीचंच पुस्तक आहे ना?" मी त्यांना थोडक्यात कथा सांगितली, अर्थात रशियासकट. त्यांनी डोळे मिटून ऐकली. "मला त्यात त्या डुकरांचं काही चुकलंसं वाटत नाही," ते म्हणाले. "तीच तेवढी शिकलेली. संस्था त्यांनीच चालवायला पाहिजे. थोडी सेवाभावी असती तर बरं झालं असतं एवढंच." मी खुर्चीत सरळ झालो. कवी टी. एस. एलियट लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेत संचालक होते, त्यांनी १९४४ साली हे पुस्तक नाकारताना ऑर्वेलला जवळपास हेच कळवलं होतं: डुकरंच हुशार, फार्म चालवायला तीच लायक, गरज होती ती अधिक लोकहितदक्ष डुकरांची. मुख्याध्यापकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. चौकशी तिथेच मिटली.

पण तोवर अध्यक्षांचा निरोप आला होता. स्नेहसंमेलनात त्या शेतीच्या पुस्तकावर काहीतरी बसवा, मी स्वतः येणार आहे.

पात्रं वाटताना सगळ्यांना डुक्कर व्हायचं होतं. मेंढपाळाची पोरगी म्हणाली, मेंढरं ती खरी आणेल, पण पुढे बकरी राहील. वर्षभर एक शब्द न बोललेल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला बेंजामिन दिला, त्याने नुसती मान हलवली. नेपोलियनसाठी एकच नाव आलं. आमच्या दुर्दैवाने अध्यक्षांचा पुतण्या नववी 'अ'मध्येच आहे. टाळ्या वाजल्या, बिनविरोध. स्क्वीलरसाठीही एकच नाव आलं, माझं. "सरांना पाठांतर लागणार नाही," पवनचक्कीवाली म्हणाली.

तालीम रोज शाळा सुटल्यावर चालते. भिंतीवर नियम बदलताना मी शिडीवरून पडायचं आहे. शिडी शिपायाने दिली आहे, पेंटचा डबा रिकामा घ्या म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. शेवटच्या प्रवेशात डुकरं आणि माणसं एका टेबलाभोवती पत्ते खेळतात, दोघांच्या हातून एकाच वेळी इस्पिकचा एक्का पडतो आणि बाहेरच्या जनावरांना कोण डुक्कर आणि कोण माणूस ते ओळखू येत नाही. टेबलाला एक खुर्ची कमी पडते आहे. मुख्याध्यापक म्हणतात, त्यात काय, प्रमुख पाहुण्यांची मखमली खुर्ची तिथेच मांडा, नाहीतरी साहेब स्टेजवरच बसणार आहेत.