स्कूटर काढा

२०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट बघताना 'घेई छंद मकरंद' सुरू झालं आणि माझे डोळे वाहायला लागले. शेजारी बसलेला मुलगा, तेव्हा बारा वर्षांचा, कानात म्हणाला, "बाबा, अजून तर कोणी मेलंसुद्धा नाही!"

त्याला काय सांगू? हा चित्रपट ज्या संगीत नाटकावरून काढला, त्यातला गवई खाँसाहेब आमच्या गावच्या जत्रेत मोठ्या काकांनी केला होता. एरवी कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, कंडक्टर. नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा मंगेशीचे, म्हणजे आमच्या फोंड्याकडचेच, त्यामुळे त्यांची नाट्यगीतं खाजं विकणाऱ्यालाही पाठ असायची. त्या प्रयोगाची कॅसेट कोणीतरी विंगेतून भरली होती. काकांची तान समेवर येते न येते तोच माइकवरून आवाज येतो : "देवळासमोरची स्कूटर कोणाची ती काढा!" काका थांबले नाहीत. आम्ही ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली.

चित्रपटात गाणं त्या जागेवर आलं तेव्हा माझा कान स्कूटरची वाट बघत होता. पडद्यावरच्या खाँसाहेबाला आवाज राहुल देशपांडेंचा, म्हणजे १९६७च्या मूळ नाटकात हीच भूमिका गाजवणाऱ्या वसंतराव देशपांडेंच्या नातवाचा. आणि मला दिसत होते शेरवानीखाली रबरी चपला तशाच राहिलेले काका. त्या प्रसंगातलं निम्मं दुःख मी घरूनच नेलं होतं.

'नाचुंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटाच्या वेळीही तेच. साठ-सत्तरच्या दशकांतली कोंकणी गाणी, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई प्रत्येक ओळ पडद्याच्या आधी म्हणत होत्या. मला त्यांतली दोन-तीनच गाणी ओळखीची. मी बघत होतो, त्या तिथे राहून आल्या होत्या.

म्हणून हल्ली जुन्या गाण्याला ढोलताशे लावून, शंभर व्हायोलिनं मागे उभी करून प्रसंगात कोंबतात तेव्हा चीड येते. अरे, जरा जागा ठेवा! शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तेवढंच वाजू द्या, अर्ध्यावर तोडलंत तरी चालेल. उरलेलं आम्ही मनात म्हणून घेतो.

काका गेले. कॅसेटही बुरशीने गेली. परवा मुलगा गाडी चालवत होता, त्यानेच 'घेई छंद' लावलं. ती जागा आली तसा आरशात बघून म्हणाला, "बाबा, स्कूटर काढा."