निवांत विमान

"रविवारी निवांत जाऊन येऊया की," बायको म्हणाली. आमच्या घरात ‘निवांत’ म्हटलं की दोन बॅगा, चार डबे आणि एक भांडण ठरलेलं.

निमित्त भाच्याचं. तो हत्तरगीला, विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागलाय. त्या रविवारी कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवणार होते. भाच्यानं फोनवर ‘सुटे भाग’ हे शब्द स्पष्ट उच्चारले होते. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं ‘विमान’ तेवढं उरलं. मुलीनं खिडकीची सीट आधीच सांगून ठेवली. आईनं नारळ घेतला, विमानापुढं फोडायला.

बेळगावहून हत्तरगी जेमतेम चाळीस किलोमीटर. आठला निघणार होतो, साडेदहाला निघालो. आईनं भाच्यासाठी भरली वांगी आणि भाकरी केल्या, मग "त्याच्याबरोबरची पोरं काय तोंड बघत बसतील?" म्हणून तेच पुन्हा पंधरा जणांचं केलं. काकती गेलं, वंटमुरीच्या घाटात मुलीला मळमळलं, पिशवी शोधायच्या गडबडीत कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा उलटा झाला. कुंद्याचं एक बरं असतं, उलटला तरी सांडत नाही.

गेटवर रखवालदारानं हात पुढं केला. "मोबाईल इल्ले इडरी." ठेवले. मग आईच्या पायांकडं बघून, "चप्पल नडियंगिल्लरी." आईला लोखंडी टाचेचे, नव्हे, लोखंडी बोटांचे बूट मिळाले. गजरा आणि बांगड्याही उतरल्या. विमानाच्या कामात परकी वस्तू चालत नाही, मग ती टाचणी असो की मोगऱ्याची पाकळी. नारळ आमच्या मोबाईलांशेजारी टोकन लावून बसला.

आत विमान नव्हतं. लख्ख फरशी आणि खोलीएवढी मोठी बंद कपाटं होती, काचेची खिडकी असलेली. तीच मशीनं.

"दादा, विमान कुठाय?"

भाचा ओशाळला. मग सांगायला लागला. एअरबसच्या ए-320 चे पंख वेल्समध्ये होतात, पोटाचे काही भाग हॅम्बुर्गला, जोडणी तुलूझला किंवा आणखी दोन-तीन ठिकाणी. अशा विमानांना लागणारे बारके भाग जगभरातून जातात.

"म्हणजे लग्नासारखं," आई म्हणाली. "मांडव एकाचा, भांडी दुसऱ्याची. आणि आपल्याकडं काय?"

भाच्यानं ट्रेमधून तळहाताएवढा, काटकोनात वळलेला एक तुकडा दाखवला. ब्रॅकेट. शेजारी तो ज्यातून कोरला तो अॅल्युमिनियमचा ठोकळा, चांगला विटेएवढा. अशा भागांत दहातले नऊ हिस्से कधीकधी चिप, म्हणजे धातूचा कीस, होऊन जातात, ते पुन्हा वितळवतात, असं तो म्हणाला. आईच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं. वांग्याचं देठसुद्धा ती टाकत नाही.

इथं अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडलांबद्दल, सांगायला हवं. अण्णा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, चौतीस वर्षं टर्नर होते, लेथवर धातू कापायचे. अजूनही चहाचा कप आला की आधी कडेवरून बोट फिरवतात, मगच पितात. गेटपासून ते गप्प होते, आणि ते गप्प असले की मला काळजी वाटते.

"किती मापात?" त्यांनी विचारलं.

"काही ठिकाणी वीस मायक्रॉन, आज्जा. केसापेक्षाही कितीतरी कमी."

"एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग, म्हणजे पंचवीस मायक्रॉन," अण्णा म्हणाले. "नुस्तं थाऊ म्हण की. आम्ही काय विळ्यानं कापत होतो?"

मापाची खोली काचेची. तिथं तापमान 20 अंश ठेवतात, कारण धातू गरमीनं फुगतो आणि जगभर मापं 20 अंशांलाच धरतात. माणकाच्या मण्याची एक बारीक सुई भागाला टुक टुक टोचत होती. आईनं पदर कानावरून घेतला आणि भाच्याला विचारलं, "तुला स्वेटर देतेत काय रे?"

बायकोचा खरा बेत पुढचा होता. दीडला बाहेर, मग गोकाकचा धबधबा, तिथली करदंट मिठाई, सूर्यास्त. बाराला सगळं बघून झालं होतं. बाराला एक मिनिट कमी असताना अण्णा एका मशीनपाशी थांबले. मान तिरकी केली.

"टूल गेलंय," ते म्हणाले. म्हणजे कापणाऱ्या हत्याराची धार गेलीय.

मशीनवरच्या पोरानं पडद्याकडं बोट केलं. टूलचं आयुष्य तिथं मोजलेलं असतं. अजून 40 मिनिटं शिल्लक. पडदा कन्नड नाही, मराठी नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? अण्णांनी हात पाठीमागं बांधले. "ठीकाय. बघूया की."

आणि आम्ही सहा माणसं, त्यातलं एक लोखंडी बुटांतलं, खिडकीतून पांढऱ्या पाण्याच्या फवाऱ्याकडं चाळीस मिनिटं बघत उभे राहिलो. दिसत काहीच नव्हतं. मुलीनं फरशा मोजल्या. बायको माझ्याकडं बघत होती. त्या नजरेत गोकाकचा आख्खा धबधबा होता. चाळिसाव्या मिनिटाला मशीन थांबलं आणि आपणहून टूल बदललं.

"बघ," अण्णा म्हणाले, "बदलावं लागलंच."

पोरगं पडद्याकडं बोट करून हसलं. दोघंही जिंकले. मग त्या आनंदात अण्णांना आणखी तीन मशीनं ऐकायची होती.

साडेतीनला बाहेर आलो. वांगी पार्किंगमध्ये खाल्ली. पंधरा जणांचं जेवण अखेर कामी आलं, रखवालदारानंही दोन भाकऱ्या घेतल्या. नारळ न फुटता परत आला.

रात्री दहाला मुलीनं शाळेसाठी चित्र काढलं: मी पाहिलेला विमान कारखाना. कागदाच्या मधोमध एक काटकोन. अण्णांनी चष्मा लावला.

"कोपरा असा तीक्ष्ण नको. इथंच तडा जातो. गोलाई दे."

"आज्जा, चित्र आहे ते!"

"विमानात बसायचंय न्हवं लोकांना?"

अण्णा उठले, देव्हाऱ्यातून रुपयाचं नाणं आणलं आणि कागदाच्या कोपऱ्यावर टेकवलं. मुलीनं रबर हातात घेतला. बायकोनं दिवा मालवला, स्वयंपाकघरातला, आणि मला म्हणाली, "पुढच्या रविवारी तू एकटाच निवांत जा."